डार्क यलो नक्की कुठला? रणगाड्याच्या मॉडेलसाठी ॲक्रिलिक रंग आणि कॅमोफ्लाज, मदत हवी

तुटका_ट्रॅक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

१/३५ चा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) पँझर फोर औस्फ एच, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याची एच आवृत्ती, बांधून झालाय, म्हणजे चाकं आणि ट्रॅक सोडून सगळा, आणि आता गाडी रंगापाशी येऊन अडलीये. आधी एक टी-३४ (रशियन रणगाडा) ब्रशने रंगवला होता त्याची कर्मकहाणी ऐका. रंग अल्कोहोलवाले ॲक्रिलिक होते, पहिला हात झकास बसला, म्हटलं जमलं की, मग दुसरा हात मारायला घेतला तर ब्रशबरोबर खालचा रंगच उचलून यायला लागला, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) कडेला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या, मी घाबरून अजून जोरात ब्रश फिरवला आणि तिथे चक्क हिरवं प्लास्टिक दिसायला लागलं. मग दुसऱ्या कुठल्यातरी पाण्यावरच्या रंगाची बाटली आणली आणि त्यात तेच जुनं थिनर ओतलं. कपात रबराच्या गोळ्या तयार झाल्या. तो टी-३४ आता कपाटाच्या वर आहे, उलटा.

या वेळी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा) घेतलाय, ०.३ मिमी नोझलचा. माझे प्रश्न असे की डार्क यलो म्हणून नक्की कुठली बाटली घ्यायची, कारण दर कंपनीचा डार्क यलो वेगळाच दिसतोय, कुठे मोहरीसारखा कुठे वाळूसारखा. वर हिरवा आणि तपकिरी कसा मारायचा, कडा धूसर ठेवायच्या की कडक. आणि पॅटर्न कुठला करायचा, ते ऊन झाडातून पडल्यासारखे ठिपके असतात ते मला फार आवडतात.

रंगारी_काका

धाग्यावर स्वागत. टी-३४ ला कपाटावरून खाली काढ आधी, तो प्रयोगाला लागणार आहे.

तुझ्या दोन्ही अपघातांचं मूळ एकच आहे. 'ॲक्रिलिक' हा शब्द वाचून आपल्याला वाटतं सगळे एकाच जातीचे, तसं नसतं. टामिया आणि मिस्टर हॉबीचे ॲक्वियस हे अल्कोहोल-ग्लायकॉल असल्या सॉल्व्हंटवर चालतात, नावाला पाण्याने धुता येतात एवढंच. वायेहोचे मॉडेल कलर, मॉडेल एअर, एकेचे थर्ड जेन हे खरे पाण्यावरचे. आणि एके रिअल कलर्स वगैरे तिसरी जात, ते लॅकरच्या जवळचे. पहिल्या जातीत दुसरा हात पहिल्याला विरघळवतो, म्हणून ब्रशला वाईट पण एअरब्रशला सोन्यासारखे, कारण थर एकमेकांत मुरतात. दुसऱ्या जातीत अल्कोहोल पडलं की त्यातलं रेझिन फाटतं, त्याच त्या तुझ्या गोळ्या. त्यामुळे रंग ज्या घरचा थिनर त्याच घरचं. फक्त टामियाला लॅकर थिनर किंवा मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर चालतं, उलट त्याने रंग जास्त सपाट बसतो.

एअरब्रश आहे तर टामिया घे. एक्सएफ-६० डार्क यलो, एक्सएफ-६१ डार्क ग्रीन, एक्सएफ-६४ रेड ब्राउन. झालं. मास्क लावून मार मात्र, ॲक्रिलिक आहे म्हणून फुप्फुसात गेलेलं चालतं असं नाही.

निळी_शाई

काकांशी सहमत, फक्त एक्सएफ-६० नुसता मारू नका हो. माझ्या डोळ्याला तो १/३५ वर फार गडद दिसतो. मी ६० मध्ये थोडा एक्सएफ-५७ बफ आणि किंचित एक्सएफ-२ पांढरा टाकते. अंदाजे ६ भाग ६०, ३ भाग ५७, १ भाग पांढरा, पण हे पत्थर की लकीर नाही, डोळ्याने बघून कमीजास्त करायचं.

आणि @तुटका_ट्रॅक, ब्रशलाही एवढं नाक मुरडायला नको. पाण्यावरचे रंग ब्रशने सुंदर बसतात, फक्त दाट एक हात मारायचा नाही, पातळ तीन हात मारायचे आणि मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. वेट पॅलेट करा, डबीत ओला स्पंज आणि वर बटर पेपर, रंग तासन् तास ओला राहतो. मी अजूनही सगळे कॅमोफ्लाज ब्रशनेच करते, कडक कडांचे.

आरएएल_वाला

माफ करा पण असं 'डोळ्याने बघून' म्हटलं की माझं डोकं फिरतं. डार्क यलोला नाव आहे, डुंकेलगेल्ब, नंबर आहे, आरएएल (जर्मन रंगप्रमाण) ७०२८. हिरवा ओलिवग्र्यून ६००३, तपकिरी रोटब्राउन ८०१७. १८ फेब्रुवारी १९४३ चा जर्मन सैन्याचा आदेश आहे, त्याआधीच्या गाड्या डार्क ग्रे म्हणजे ७०२१. आज आरएएल नंबर छापलेल्या बाटल्या मिळतात, त्या घ्याव्यात आणि विषय संपवावा. पांढरा मिसळायचा असेल तर मग अचूकता कशाला म्हणायचं.

रंगारी_काका

@आरएएल_वाला आदेशाची तारीख बरोबर, नंबर बरोबर, पण तोच आदेश पुढे वाच की रे. कारखान्यातून गाडी नुसती पिवळी बाहेर पडायची. हिरवा आणि तपकिरी पेस्टच्या स्वरूपात तुकड्यांना द्यायचे आणि तिथले लोक ते पातळ करून मारायचे. पेट्रोल मिळालं तर पेट्रोलमध्ये, नाहीतर पाण्यात, आणि पाण्यात कालवलेला रंग पावसाने धुपून जायचा. कुणाकडे स्प्रे गन, कुणाकडे ब्रश. आता सांग, एकाच तुकडीतल्या दोन गाड्यांचा हिरवा एक असेल का? ६००३ ची चिप (रंगाचा नमुना) हातात धरून कुठला हिरवा जुळवणार तू, पेट्रोलवाला की पाण्यावाला?

आरएएल_वाला

हिरव्या-तपकिरीबद्दल मान्य. पण बेस कारखान्याचा आहे, तो तरी प्रमाण धरा.

चौथा_गिअर

मध्येच बोलतो. जुन्या फोटोंवरून रंग ठरवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तेव्हाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म सगळी सारखी नव्हती. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही, त्यात लालसर तपकिरी जवळजवळ काळा येतो. पॅनक्रोमॅटिकवर तोच तपकिरी आणि हिरवा इतके जवळ येतात की वेगळे काढता येत नाहीत. मी एकदा 'दुरंगी' म्हणून रंगवलेली गाडी तिरंगी निघाली, दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो नंतर मिळाला.

बाबुलमोरा_नव्हे

वाखु (वाचनखूण) साठवली. काका आणि आरएएलवाले यांचं चालू द्या, कृहघ्या (कृपया हलके घ्या).

तुटका_ट्रॅक

बापरे, एवढं सगळं! मग मी ठिपक्यांचा पॅटर्न करू का नको? आणि प्रसंग कुर्स्कचा (जुलै १९४३ ची रशियातली रणगाड्यांची लढाई) धरलाय मी.

आरएएल_वाला

ठिपके नको! तो 'ॲम्बुश' पॅटर्न ऑगस्ट १९४४ नंतरचा, तेव्हा कॅमोफ्लाज पुन्हा कारखान्यातच मारायला लागले. जुलै १९४३ च्या गाडीवर ठिपके म्हणजे सरळ सरळ चूक. आणि कुर्स्कला पँझर फोर बहुतेक जी होते, एच नुकता यायला लागला होता. प्रसंग १९४३ च्या शरद ऋतूतला युक्रेन घ्या, एच अगदी शोभेल. तुमच्या किटवर झिमेरिट आहे का? चिलखतावर फासलेली ती खडबडीत पेस्ट.

तुटका_ट्रॅक

नाही, सपाट आहे.

आरएएल_वाला

मग उत्तम. झिमेरिट १९४३ च्या शेवटाकडे रुळलं आणि सप्टेंबर १९४४ ला बंद झालं. सपाट एच, शरद १९४३, पिवळ्यावर हिरवे-तपकिरी पट्टे. आता तुमचा पॅटर्न आपोआप ठरला बघा.

निळी_शाई

हे मात्र लाखातलं बोललात. मी नवीन लोकांना हेच सांगते, आधी गाडी कुठल्या महिन्यातली ते ठरवा मग दुकानात जा. उलट केलं की घरात सतरा बाटल्या आणि एकही गाडी पूर्ण नाही. (माझ्याकडे सतरा नाहीत, सव्वीस आहेत.)

आता पांढरा का मिसळते ते सांगते, कारण वर मला टोमणा बसलाय. खरा रणगाडा आपण वीस-तीस मीटरवरून बघतो, मधली हवा रंग थोडा फिका करते. मॉडेल हातभर अंतरावर. खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा छोट्या वस्तूवर मारला की तो जड, काळपट दिसतो. याला स्केल इफेक्ट म्हणतात, म्हणून १/३५ ला थोडं फिकं, १/७२ ला अजून फिकं. पण त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. बेस मारल्यावर आपण थांबतो का? त्यावर फिल्टर (पूर्ण गाडीवर अगदी पातळ रंगछटा), मग वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), मग धूळ, शेवटी मॅट वार्निश. तपकिरी वॉश सगळ्या गाडीला एक छटा काळी करतोच. बाटलीतून चिपशी तंतोतंत जुळणारा रंग मारलात तर शेवटी हातात येते ती चिपपेक्षा काळी गाडी. रंग निवडायचा तो शेवटच्या हाताचा विचार करून.

आरएएल_वाला

...हा मुद्दा मी असा बघितला नव्हता. मी वॉश फार हलका करतो म्हणून असेल. तरी सुरुवात ७०२८ पासून करावी आणि तिथून किती सरकलो ते माहीत असावं, एवढं माझं म्हणणं राहीलच.

निळी_शाई

ते मलाही मान्य आहे की. :)

रंग आधी तपासून बघायची चमच्यांची युक्ती सांगते. प्लास्टिकचे चमचे घ्या, पाठीवर प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला हात), प्रत्येकावर एक मिश्रण, दांड्यावर मार्करने प्रमाण लिहायचं. वाळले की प्रत्येक चमच्याच्या अर्ध्या भागावर वॉश आणि मॅट वार्निश मारायचं, अर्धा तसाच ठेवायचा. मग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघायचं, ट्यूबखाली नाही. पिवळ्या बल्बखाली मला एकदा सगळे डार्क यलो एकच वाटले होते, सकाळी बघते तर एक पोपटीकडे झुकलेला आणि एक चक्क गुलाबीकडे.

तुटका_ट्रॅक

चमचे आणतो आजच. प्रायमर लागतंच का पण? टी-३४ ला मारलं नव्हतं.

चौथा_गिअर

लागतंच. त्याहीआधी मॉडेल कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धू, मोल्डचं तेल आणि तुझ्या बोटांचं तेल दोन्ही असतं त्यावर. हवेत पूर्ण वाळू दे. मग मिस्टर सरफेसर १५०० हे प्रायमर लॅकर थिनरमध्ये, पातळ दोन हात. फटी दिसतात त्या तेव्हाच, रंग मारल्यावर नाही. पाण्यावरचे पॉलियुरेथेन प्रायमर पण चांगले पण त्यांना पॉलिश पेपर लावू नका, घासले की पापुद्रा सोलून निघतो.

रंगारी_काका

प्रायमर झालं की पुढचं मी सांगतो, सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी सावलीच्या जागा. चाकांच्या वरचा भाग, टरेटच्या खाली, जाळ्या, तिथे एक्सएफ-६४ मध्ये थोडा काळा घालून मार. मग बेस. टामिया आणि थिनर समान, कपाच्या भिंतीवर दुधासारखं उतरलं पाहिजे. प्रेशर १५ पीएसआयच्या आसपास. एकाच जागी थांबायचं नाही, हात चालू मग ट्रिगर, ट्रिगर बंद मग हात थांबला, हा क्रम उलटला की ओघळ आलाच. तीनचार पातळ फेऱ्यांत पिवळा भरायचा, खाचांत गडद थोडा डोकावू द्यायचा. मग एक रात्र विसरून जायचं.

आता कॅमोफ्लाज. रंग अजून पातळ, एकास दोन, आणि प्रेशर १० ते १२. पातळ रंगाला जास्त हवा दिली की कोळ्याच्या पायासारखे फाटे फुटतात. नोझल मॉडेलपासून एक-दोन सेंटिमीटरवर. आधी पेन्सिलने हलकी बाह्यरेषा काढ, मग एअरब्रशने त्या रेषेवर बारीक चाल, मग आतला भाग भर. बाहेरून आत, आतून बाहेर नाही. चुकलं तर घाबरायचं नाही, बेसचा पिवळा पुन्हा पातळ करून कडेची दुरुस्ती करायची, खऱ्या गाड्यांवर पण अशा दुरुस्त्या असणारच. सगळ्यात शेवटी बेस अगदी पातळ करून, म्हणजे नव्वद टक्के थिनर, पूर्ण गाडीवर एक धुकं फिरव, तिन्ही रंग एका कुटुंबातले दिसायला लागतात.

दर पाचसात मिनिटांनी सुईच्या टोकाला वाळलेला रंग ओल्या ब्रशने पुसायचा. हे न करणारे लोकच 'एअरब्रश थुंकतो' म्हणून नवी सुई विकत घेतात.

चौथा_गिअर

कडा किती धूसर ठेवायच्या याचं एक साधं गणित आहे, ते कुणी करत नाही. समजा खऱ्या गाडीवर स्प्रे गनच्या फटकाऱ्याची कड १० सेंटिमीटरभर विरत गेलीये. १/३५ ला ती साधारण ३ मिलिमीटर झाली. १/७२ ला दीड मिलिमीटरही नाही. म्हणजे १/७२ वर एअरब्रशने सढळ हाताने केलेली मऊ कड ही खऱ्या गाडीवर हातभर रुंद धुरळा असतो. लहान स्केलला सरळ ब्रशने कडक कड काढा, लांबून मऊच दिसते. १/३५ ला मऊ चालेल पण आवरतं घ्या.

मोकळा_वेळ

थोडं अवांतर, मी एम१ए१ ॲब्रम्स (अमेरिकन रणगाडा) करतोय, नाटोच्या तीन रंगांत. त्यालाही हेच लागू का?

चौथा_गिअर

तिथे उलटं आहे. नाटोचा तिरंगा, हिरवा-तपकिरी-काळा, हा ठरवून दिलेल्या नकाशाप्रमाणे मारलेला असतो, कुठला पट्टा कुठून कुठे ते आखलेलं. त्यामुळे तिथे कल्पनाशक्ती नको, रेखाचित्र बघून करा. कडाही आटोपशीर. एक्सएफ-६७, ६८, ६९ हे तिन्ही त्याच्यासाठीच आहेत. फक्त ६९ नाटो ब्लॅक हा मुळात करड्याकडे झुकलेला काळा आहे, त्याऐवजी शुद्ध काळा मारू नका, गाडीत भोक पडल्यासारखं दिसतं.

कडांसाठी ब्लू टॅकच्या (काढता येणारी चिकट पुट्टी) बारीक वळ्या करून रेषेवर ठेवायच्या, उरलेला भाग टेपने झाकायचा आणि एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरायचा. तिरका धरला की वळीच्या खालून रंग घुसतो.

मोकळा_वेळ

धन्स! आणि वाळवंटातला एकरंगी केला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं ना?

निळी_शाई

एकरंगी गाडी सगळ्यात अवघड असते हो. कॅमोफ्लाज चुका लपवतो. सपाट टॅन गाडीवर नजर खिळेल असं काहीच नसतं, मग प्रत्येक पॅनलला वेगळी छटा, फिल्टर, धूळ, सगळं हाताने आणावं लागतं.

तुटका_ट्रॅक

अपडेट देतोय. टी-३४ वर सराव केला (काका, खाली काढला त्याला). पहिल्या दिवशी फाटेच फाटे, प्रेशर जास्त होतं. मग कमी केलं आणि थिनर वाढवलं तर रेघ एकदम पेन्सिलसारखी आली, मी एकटाच खोलीत ओरडलो. पँझरवर चमचा नंबर चारचं मिश्रण मारलं, निळीशाईताईंचंच पण पांढरा जरा कमी. हिरवा-तपकिरी झाले. आता चिपिंग (रंग उडाल्याचा भास) करायचंय, हेअरस्प्रेवालं, पण ते आधी करायला हवं होतं का?

रंगारी_काका

हो रे, हेअरस्प्रे रंगाच्या खाली असतो. तो वाळला की त्यावर ॲक्रिलिक, मग पाण्याने ओलं करून ब्रशने खरवडायचं, खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पोपडे सुटल्यासारखा निघतो. आणि त्यासाठी वरचा रंग पाण्याने किंवा त्याच्या स्वतःच्या थिनरने पातळ केलेला हवा, लॅकर थिनरवाला असा निघत नाही, तो खाली चिकटून बसतो.

या गाडीला स्पंजने कर. फाटलेल्या स्पंजचा तुकडा, गडद तपकिरी, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि झाकणांच्या कडा, पायऱ्या, जिथे माणसाचा बूट लागतो तिथेच टेकवायचा. सगळीकडे नाही. गाडी काही महिन्यांची आहे, समुद्रातून काढलेली नाही.

निळी_शाई

वॉशच्या आधी ग्लॉस मारा. एक्स-२२ चा पातळ हात, वाळू द्या, मग डेकल (चिकटवायची चिन्हं), मग वॉश. मॅटवर डेकल लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी दिसतं. आणि ॲक्रिलिक रंगावर इनॅमलचा किंवा ऑइलचा वॉश घ्या, बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटने पुसता येतो, खालचा ॲक्रिलिक हलत नाही. बाटलीतला वॉश गाडीभर ओतू नका. बारीक ब्रशने फक्त रिव्हेटच्या भोवती आणि जोडांत सोडा, तो आपोआप धावतो. जिथे पसरला तिथे अर्ध्या तासाने स्पिरिटने ओला ब्रश वरून खाली ओढा.

तुटका_ट्रॅक

आता एक घोळ झालाय. शुर्त्सेन, म्हणजे बाजूच्या त्या पातळ प्लेटा, मी काढून वेगळ्या रंगवल्या, चिमट्यात धरून. आज लावून बघितल्या तर पट्टे जुळतच नाहीत. टरेटवरचा हिरवा पट्टा टरेटवरच संपतो, खालच्या प्लेटवर भलतीकडेच तपकिरी सुरू होतो. तिसरी प्लेट तर बहुतेक मी दुसऱ्या बाजूची समजून रंगवली. सगळं पुसून परत करू का?

आरएएल_वाला

अजिबात पुसू नका! त्या प्लेटा ५ मिलिमीटरच्या, रशियन रणगाडाविरोधी रायफलींपासून बाजू वाचवायला लावलेल्या, नुसत्या कंसांवर अडकवलेल्या. झाडाला, भिंतीला घासून पडायच्या, मग दुसरी मिळेल ती लावायची. फोटोंत अर्ध्या प्लेटा गायब असलेल्या कितीतरी गाड्या दिसतात. न जुळणारी प्लेट मला तरी जुळणाऱ्यापेक्षा खरी वाटते.

रंगारी_काका

आरएएलवाला आणि 'न जुळणारं खरं'! आज तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

आरएएल_वाला

काका, प्लेटेचा नंबर नसतो. :D

निळी_शाई

एक प्लेट काढूनच टाका ना, तिसरी, ती चुकलेली. मागे दिसणारी हलची (गाडीच्या मुख्य धडाची) बाजू थोडी कमी मळलेली ठेवा, कारण तिथे प्लेटेची आड होती. रिकामे कंस दिसू द्या.

तुटका_ट्रॅक

हे भारीच! काढली. मागे बघितलं तर तिथे मी कॅमोफ्लाज मारलाच नव्हता, आळसाने, नुसता पिवळा आहे.

चौथा_गिअर

प्लेटा लावलेल्या असताना क्रूने रंग मारला तर मागे पिवळाच राहणार. तुझा आळस ऐतिहासिक आहे.

तुटका_ट्रॅक

हाहा. आता शेवटचं, ट्रॅक. काळे मारू ना?

रंगारी_काका

काळे नको. लोखंडी आहेत, रबर फक्त चाकांच्या धावांना, तिथे एक्सएफ-८५ रबर ब्लॅक. ट्रॅकला एक्सएफ-९ हल रेड आणि एक्सएफ-१ काळा मिसळून गडद मातकट बेस, त्यावर वाळलेल्या मातीची पावडर, आणि जिथे जमीन आणि चाकं घासतात तेवढेच उंचवटे ६बी पेन्सिलने घासायचे. पेन्सिलच, चंदेरी रंग नाही. लावायच्या आधी दोन्ही ट्रॅकची दिशा बघ, उलटे लावलेले मी स्वतः दोनदा पाहिलेत, एकदा माझ्याच कपाटात.

तुटका_ट्रॅक

थांबा, बघून येतो.

तुटका_ट्रॅक

डावा उलटा होता.